जुन्या वाड्यांच्या एचडीआर छायाचित्रात झाडाला जागा कशी द्यावी?

घाटावरून, सातारा

नमस्कार. गेली चार वर्षे मी वाई, मेणवली, लिंब आणि माहुली या भागातील जुन्या वास्तूंची एचडीआर छायाचित्रे, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम एकत्र करून केलेली छायाचित्रे, काढत आहे. येत्या १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, आमच्या पेठेतील वाचनालयात बारा छायाचित्रांचे एक लहानसे प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. त्यांपैकी अकरा जवळजवळ तयार आहेत. बाराव्यापाशी, म्हणजे मेणवलीच्या छायाचित्रापाशी मी अडलो आहे. अडचण वाड्याची नसून झाडाची आहे.

नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या पाठीमागचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. मी ट्रायपॉड घाटाच्या खालच्या पायरीवर लावला, कॅमेरा मेणेश्वराच्या देवळाकडे आणि त्यामागच्या भिंतींकडे वळवला आणि डावीकडून आत आलेली पिंपळाची फांदी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात घेतली. लेन्स १६ मिलिमीटरची, अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ १०० आणि दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन एक्स्पोजर, म्हणजे एक गडद, एक मधली आणि एक उजळ फ्रेम. वेळ सकाळी साडेदहाची होती आणि माघातले ऊन चांगलेच वर आलेले होते.

तिन्ही फ्रेम एकत्र केल्यावर जे दिसले त्याने मी निराश झालो. छायाचित्र मोठे करून पाहिले असता पिंपळाच्या प्रत्येक पानाला शेजारी एक फिकट दुसरे पान चिकटल्यासारखे दिसते, आणि टोकाच्या शेपटीपाशी तर तीन-तीन कडा मोजता येतात. बारीक डहाळ्यांभोवती आकाशात पांढरी किनार उमटली आहे. पानांचा हिरवा रंग इतका पोपटी झाला आहे की पाहणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाते. सर्वांत वाईट गोष्ट ही की ज्या भिंतीसाठी हा खटाटोप केला ती सपाट, राखाडी आणि निर्जीव दिसते.

मग मी फांदी कापून, म्हणजे चौकट लहान करून पाहिली. छायाचित्र स्वच्छ झाले खरे, पण वर नुसते पांढुरके आकाश उरले आणि घाट कुठल्याही नदीवरचा असावा तसा दिसू लागला. त्या जागी उभे राहिल्यावर जो गारवा जाणवतो तो फांदीबरोबरच निघून गेला.

म्हणून विचारतो: अशा छायाचित्रात झाड कोठे आणि कसे घ्यावे? की एचडीआर करायचे असेल तर झाड टाळणेच शहाणपणाचे आहे?

काळा दगड, वाई

झाड टाळू नका. आपण जे लिहिले आहे त्यावरून असे दिसते की आपण झाड चौकटीत घेतले, पण त्याने तेथे काय करायचे हे ठरवले नाही, आणि मग सॉफ्टवेअरने ते आपल्यासाठी ठरवले.

सपाट भिंतीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तक्रारींचे मूळ मला तेथेच दिसते. उन्हातला दगड आणि मोकळ्या सावलीतला तोच दगड यांच्यात साधारण तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट उजेडाचा फरक असतो. दाट फांदीच्या पोटात किंवा दिंडीदरवाज्याच्या आत हा फरक आणखी वाढतो. तीन फ्रेम एकत्र केल्या की अंधारापासून उजेडापर्यंतचा हा सगळा पल्ला फाइलमध्ये येतो, पण तो ज्या कागदावर छापायचा किंवा ज्या पडद्यावर दाखवायचा त्याचा पल्ला त्या मानाने फारच कमी असतो. टोन मॅपिंग म्हणजे मोठा पल्ला लहान जागेत बसवणे होय. अशा वेळी आपण पानांखालच्या अंधारालाही उजेड दिला, तर तो कोणाच्या तरी वाट्यातून काढून द्यावा लागतो. आपल्या छायाचित्रात तो भिंतीच्या वाट्यातून गेला. टाकीचे घाव, सांध्यांतला चुना, पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा हे सारे ज्या बारीक छटांच्या फरकांवर दिसते, ते फरकच पुसले गेले.

तेव्हा माझे पहिले सांगणे असे की झाड अंधारात राहू द्या. अगदी काळे ठिक्कर नको. पान आणि फांदी वेगळी ओळखू येईल, पण पानाच्या शिरा दिसणार नाहीत, इतपत अंधार ठेवा. प्रेक्षक त्या सावलीत उभा राहून उन्हातला वाडा पाहतो आहे असे वाटले पाहिजे. घाटावर आपल्याला जो गारवा जाणवला, तो या अंधारानेच दाखवता येईल. एचडीआरचा सगळा फायदा भिंतीला, कमानीच्या आतल्या बाजूला आणि देवळाच्या शिखराला मिळू द्यावा.

दुसरी गोष्ट जागेची, आणि ती आपल्या भागापुरती फार महत्त्वाची आहे. आपल्या वाड्यांचे जोते आणि खालच्या भिंती काळ्या दगडाच्या असतात, तर वरचे मजले विटांचे, चुन्याच्या गिलाव्याचे आणि लाकडाचे. काळा दगड आणि दाट पानांची सावली यांची छटा जवळपास सारखीच असते. त्यामुळे पाने दगडासमोर आली की कोठे झाड संपले आणि कोठे भिंत सुरू झाली हे कळत नाही, मग एक्स्पोजर तीन घ्या किंवा नऊ घ्या. याउलट तीच फांदी फिकट गिलाव्यासमोर आणली तर एकेक पान सुटे दिसते. बुंधा मात्र दगडासमोर चालतो, जर त्याच्या एका कडेवर ऊन पडत असेल तर. दोन पावले डावीकडे किंवा एक पायरी वर, एवढ्यानेही हे साधते. ट्रायपॉड उघडण्यापूर्वी हातातला फोन घेऊन पंधरा मिनिटे नुसते फिरावे, असे मी नव्या मंडळींना नेहमी सांगतो.

झाडाने काय झाकू नये, हेही पाहावे लागते. आमच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून माशाच्या आकाराची बांधलेली आहे. हे देऊळ १७६२ मधले. मी एकदा त्या बाजूचे छायाचित्र घेताना पुढे एक सुंदर फांदी घेतली. तिच्या शेंड्याने नेमके भिंतीचे निमुळते टोक झाकले आणि त्या भिंतीतले सगळे शहाणपण छायाचित्रातून नाहीसे झाले. ज्या रेषेमुळे ती वास्तू ओळखली जाते, ती रेषा मोकळी ठेवून मग झाडाला उरलेली जागा द्यावी.

चिंचबन, सांगली

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. पानांच्या दुहेरी कडांबद्दल थोडे लिहितो, कारण हरिपूरच्या रस्त्यावरच्या चिंचांखाली आणि संगमेश्वराच्या देवळाभोवती मी याच त्रासातून गेलो आहे.

एफ ८ आणि आयएसओ १०० वर कडक उन्हात आपली मधली फ्रेम सेकंदाच्या साधारण ४००व्या भागाची असणार, म्हणजे गडद फ्रेम १६००व्या आणि उजळ फ्रेम १००व्या भागाची. यांतल्या प्रत्येक फ्रेममध्ये पान बऱ्यापैकी स्थिर दिसते, पण दोन फ्रेमच्या मधल्या वेळात ते हलते आणि तीन फ्रेममध्ये तीन ठिकाणी सापडते. ट्रायपॉड कितीही भक्कम असला तरी त्याने कॅमेरा स्थिर राहतो, झाड नाही. त्यामुळे तिन्ही फ्रेम सलग, एकाच दाबात घ्याव्यात. हे पहिले पथ्य.

दुसरे पथ्य झाड ओळखण्याचे. पिंपळ या कामी सर्वांत अवघड आहे. त्याच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक असतो आणि पाते रुंद, त्यामुळे इतर झाडे स्तब्ध असतानाही पिंपळ सळसळत राहतो. वडाचा देठ जाड, पान चामड्यासारखे; ते पुष्कळ वेळ निश्चल राहते. आंबाही बरा. चिंचेची पाने बारीक असल्यामुळे ती थोडी हलली तरी एकत्र केलेल्या छायाचित्रात ते एखाद्या मऊ जाळीसारखे दिसते आणि डोळ्याला खुपत नाही. संध्याकाळी चिंचेची पाने मिटतात. तीच फांदी, जी दुपारी भिंत पूर्ण झाकत होती, दिवेलागणीला विरळ होते आणि तिच्यातून मागचा दगड दिसू लागतो. संगमेश्वराच्या परिसरात मी हे पहिल्यांदा लक्षपूर्वक पाहिले तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवून नुसता पाहत बसलो होतो.

तरीही पिंपळच घ्यायचा असेल, आणि मेणवलीला तो घ्यावासा वाटणे मी समजू शकतो, तर सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास गाठावा. त्या वेळी वारा बहुधा पडलेला असतो. शिवाय प्रकाश आडवा येत असल्यामुळे ऊन-सावलीतले अंतरही साडेदहाच्या मानाने सौम्य असते. फ्रेम एकत्र करताना सॉफ्टवेअरमधली डीघोस्टची सोय वापरावी. ती हलणाऱ्या भागापुरती एकच फ्रेम निवडते. पण ती कोणती निवडेल याचा भरवसा नसतो, म्हणून मी ते काम स्वतः करतो: एकत्र केलेल्या छायाचित्रावर मधली किंवा गडद मूळ फ्रेम ठेवतो आणि मास्कने, म्हणजे हवा तेवढाच भाग दिसू देणाऱ्या सोयीने, फक्त झाडाचा भाग तिच्यातून घेतो. झाड अंधारात ठेवायचे हे एकदा ठरले की त्याच्यासाठी एकच फ्रेम पुरते, आणि दुहेरी कडांचा प्रश्न तेथेच संपतो.

एकच फ्रेम, मिरज

माझे मत थोडे वेगळे आहे. हल्लीच्या चांगल्या सेन्सरची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली फाइल, इतका पल्ला टिपते की आकाश जळू न देता (पांढरेफटक होऊ न देता) घेतलेल्या एकाच फ्रेममधून सावली पुरेशी वर आणता येते. आकाश फारच उजळ असेल तर वरून खाली फिकट होत जाणारा ग्रॅज्युएटेड फिल्टर लेन्सपुढे लावावा. तीन फ्रेम, डीघोस्ट, मास्क हा सगळा पसारा कशासाठी?

चिंचबन, सांगली

एका रॉ फाइलचा मुद्दा मान्य आहे. सकाळच्या सौम्य उन्हात मीही पुष्कळदा तेवढ्यावरच थांबतो. मात्र दरवाज्याच्या आतले दालन आणि बाहेरचे आकाश एकाच वेळी दाखवायचे असेल तर सावलीतून वर ओढलेल्या भागात दाणे येतात, आणि मोठ्या छपाईत ते दिसतात.

फिल्टरचे मात्र झाडांच्या बाबतीत जमत नाही. १८५०च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राची छायाचित्रे करताना आकाशाची एक आणि पाण्याची एक अशा दोन निगेटिव्ह एकत्र छापल्या होत्या. ते साधले, कारण समुद्राचे क्षितिज सरळ रेषेत असते आणि सांधा त्या रेषेवर बसवता येतो. ग्रॅज्युएटेड फिल्टरलाही तशीच सरळ रेषा लागते. झाड ती रेषा शंभर ठिकाणी मोडते; फिल्टर लावला की फांदीचा वरचा अर्धा भाग आकाशाबरोबर काळवंडतो आणि खालचा अर्धा तसाच राहतो.

घाटावरून, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. भिंतीच्या वाट्याचा उजेड पानांना गेला हे वाक्य वाचल्यावर मी जुनी अकरा छायाचित्रेही पुन्हा उघडून पाहिली आणि त्यांतल्या तीनमध्ये हाच दोष सापडला. डहाळ्यांभोवतीची पांढरी किनार आणि पोपटी रंग यांबद्दलही कोणी मार्गदर्शन केले तर फार बरे होईल.

काळा दगड, वाई

टोन मॅपिंग करताना सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूची तुलना त्याच्या आसपासच्या सरासरी उजेडाशी करते. काळ्या डहाळीजवळच्या आकाशाच्या बिंदूला आसपास पुष्कळ अंधार दिसतो, म्हणून सॉफ्टवेअर तेथला उजेड वाढवते आणि त्यात आकाशही उजळून निघते. डहाळीपासून दूरच्या आकाशाला हे लागू होत नाही. त्यामुळे मध्ये किनार उमटते. उपाय दोन आहेत. स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवणारे सर्व स्लायडर, क्लॅरिटी धरून, निम्म्यावर आणावेत. आणि घेतानाच बारीक डहाळ्या कोऱ्या आकाशावर येऊ देऊ नयेत. त्यांच्यामागे डोंगर, शिखर किंवा भिंत येईल अशी जागा निवडावी. मला दुसरा उपाय अधिक आवडतो.

रंगाबाबत एवढेच की पानांचा रंग डोळ्याला हिरवा वाटला तरी फाइलमध्ये त्यात पिवळा पुष्कळ असतो. हिरव्याचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) कमी करून फारसा फरक पडत नाही, पिवळ्याचे कमी करून पाहावे. पोलरायझर हा चकाकी कमी करणारा फिल्टर लावल्यास पानांवरची चकाकी जाते आणि रंग शांत होतो, पण १६ मिलिमीटरच्या लेन्सवर तो आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट करतो.

जुने बांधकाम, सातारा

मी छायाचित्रकार नाही. जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन नकाशे काढण्यात माझे आयुष्य गेले. तरी एक गोष्ट येथे मांडावीशी वाटते.

वास्तूशेजारी लावलेले झाड आणि वास्तूवर उगवलेले झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि छायाचित्रात त्या वेगळ्या दिसाव्यात. देवळापुढचा पार, त्यावरचा वड किंवा पिंपळ, चौकातला चाफा ही सारी बांधणाऱ्यांच्या मनातल्या आराखड्याचा भाग होती. लिंबची बारा मोटांची विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधली, ती आमराईला पाणी मिळावे म्हणून. त्या विहिरीच्या छायाचित्रात आंब्याचे झाड आले तर ते विहिरीच्या जन्माचे कारणच सांगते. सांगली जिल्ह्यातल्या औदुंबरला तर क्षेत्राचे नावच झाडावरून पडले आहे. अशा ठिकाणी झाडाला कोपरा देऊन भागणार नाही, ते वास्तूच्या बरोबरीने उभे राहिले पाहिजे.

याउलट तटाच्या सांध्यातून बाहेर आलेला पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येते, चुन्याच्या भेगेत रुजते, मूळ जाड होत जाते आणि एकावर एक रचलेले घडीव दगड हळूहळू सरकू लागतात. छायाचित्रात ही मुळे अतिशय देखणी दिसतात आणि एचडीआरमुळे तर प्रत्येक भेग कोरल्यासारखी उठून येते. ती टिपू नयेत असे मी म्हणत नाही. पण प्रदर्शनात असे छायाचित्र लावले तर त्याखालच्या ओळीत हे मूळ भिंतीचे काय करते आहे ते लिहावे. मी मोजमापे घेतलेल्या एका वाड्याचा पूर्वेकडचा कोपरा याच कारणाने ढासळला. त्याच कोपऱ्याचे सुंदर छायाचित्र मी आदल्या वर्षी एका दिनदर्शिकेवर पाहिले होते.

मोजमापाच्या सवयीमुळे आणखी एक सुचवतो. रुंद लेन्स वर उचलली की भिंती मागे कललेल्या दिसतात. कॅमेरा पातळीत ठेवून वरच्या जादा आकाशाचा भाग फांदीने भरून काढावा. भिंती सरळ राहतील आणि कोरे आकाशही उरणार नाही. चौकटीसाठी फांद्या वाकवणे, बांधणे किंवा मोडणे मात्र कृपा करून कोणी करू नये. घाटावर ताज्या मोडलेल्या डहाळ्या पडलेल्या मी अलीकडेच पाहिल्या आणि फार वाईट वाटले.

घाटावरून, सातारा

पाडव्यानंतरच्या रविवारी पुन्हा मेणवलीला जाऊन आलो, म्हणून हे कळवतो.

सूर्योदयापूर्वी घाटावर पोहोचलो. दरम्यानच्या काळात पिंपळाची जुनी पाने गळून नवी पालवी फुटलेली होती. कोवळी पाने तांबूस होती, आणि ऊन मागून आल्यावर त्यांतून प्रकाश आरपार येत होता. हिरव्या रंगाचा प्रश्न या वेळी उद्भवलाच नाही. कॅमेरा पातळीत ठेवला आणि दोन पायऱ्या वर चढून थोडा उजवीकडे सरकलो, तेव्हा फांदी आकाशावरून निघून मागच्या फिकट भिंतीवर आली. १७०७ हे साल कोरलेली, वसईच्या १७३९ मधल्या विजयानंतर आणलेली जी घंटा तेथे आहे, तिची जागा फांदीच्या सावलीखाली पण मोकळी राहील याची काळजी घेतली.

तीन फ्रेम सलग घेतल्या. वारा जवळजवळ नव्हता, तरी शेंड्याकडची चार-पाच पाने हललीच. ती गडद फ्रेममधून मास्कने घेतली. फांदीच्या पोटातला अंधार तसाच ठेवला. सवयीने हात दोनदा सावली उजळणाऱ्या शॅडोच्या स्लायडरकडे गेला आणि दोन्ही वेळा मी तो मागे घेतला. आता भिंतीच्या खालच्या थरातले दगड एकमेकांपासून वेगळे दिसतात. पायऱ्यांच्या झिजलेल्या मधल्या भागावर जी हलकी चकाकी असते, तीही आली आहे.

छपाई १८ बाय २४ इंचाची करून घेतली. लिंबचे छायाचित्रही मालिकेत बदलणार आहे, कारण जुन्या चौकटीत मी विहिरीच्या काठावरचे आंब्याचे झाड जाणूनबुजून वगळले होते. पुढच्या शनिवारी पहाटे तिकडे निघतो आहे. कोणाला यायचे असेल तर सहा वाजता विहिरीपाशी भेटू.